तुम्ही विचारलंत म्हणून: कॅटजीवर अकरा वर्षं

"टीबीच्या जंतूतल्या एका एन्झाइमवर अकरा वर्षं? मग औषध निघालं का त्यातून?" लग्नात, सोलापूरच्या गाडीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा प्रश्न मला इतक्यांदा आला आहे की "चाललंय काम" एवढं म्हणून मी ताट घेऊन दुसरीकडे जाऊन बसते. पण गेल्या महिन्यात एका साखरपुड्यात आत्यानं तोच प्रश्न वेगळ्या तोंडानं विचारला. "तू त्याच्यातलीच ना गं? मग आप्पांच्या वेळी तुला कसं नाही कळलं?" आत्या टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला उत्तर देता आलं नाही, म्हणून आता लिहिते आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. नाही, औषध निघालं नाही, आणि ते काढण्यासाठी मी बसलेही नव्हते. औषध आधीपासून आहे आणि ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे: आयसोनियाझिड. ते पहिल्यांदा १९१२ मध्ये प्रागमध्ये बनवलं गेलं, आणि टीबीवर चालतं हे कळायला १९५२ उजाडलं. ते नेमकं कशाच्या जोरावर चालतं याचा मोठा धागा हाती लागला १९९२ मध्ये, यिंग झांग, स्ट्युअर्ट कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना. तो धागा म्हणजे कॅटजी, टीबीच्या जंतूतलं तेच एन्झाइम ज्यावर माझी अकरा वर्षं गेली. आयसोनियाझिडची गोळी आपणहून जंतूचं फारसं काही बिघडवत नाही. जंतूचं स्वतःचं कॅटजी तिला पेटवतं. त्यातून तयार झालेला तुकडा जंतूच्याच एनएडी या रेणूला चिकटतो, आणि ती जोडगोळी जंतूच्या मेणचट भिंतीचं बांधकाम बंद पाडते.

जंतूनं कॅटजी बाळगलंय ते अर्थातच यासाठी नाही. आपल्या भक्षक पेशी त्याच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात. कॅटजी ते फोडून पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं, आणि जंतू वाचतो.

इथे मला थोडं रेंगाळू द्या. या रेणूवर माझा जीव आहे. ७४० अमिनो आम्लांची एक साखळी, आणि अशा दोन साखळ्यांची जोडी. प्रत्येकीच्या पुढच्या अर्ध्या भागात एक हीम बसलेलं असतं, मधोमध लोखंडाचा एक अणू. आपलं रक्त ज्यामुळे लाल दिसतं तेच हे हीम. मागच्या अर्ध्या भागात हीम नाही. तो पुढच्या भागाचीच जुनी नक्कल आहे, कधीकाळी जनुक दुप्पट झाल्याची खूण. बिनकामाचा वाटतो, पण काढून टाकला की पुढच्या भागाचंही काम थांबतं. हीमच्या अंगाला १०७ क्रमांकाचं ट्रिप्टोफॅन, २२९ चं टायरोसिन आणि २५५ चं मिथिओनिन ही तिघं एकमेकांना पक्की जोडलेली असतात. अशी गाठ या एन्झाइमच्या कुळातच सापडते, आणि ती नसेल तर पेरॉक्साइड फोडण्याचं काम जवळजवळ बंद पडतं. शुद्ध केलेलं कॅटजी नळीत काढ्यासारखं दिसतं, तांबूस तपकिरी. पहिल्यांदा तो रंग स्तंभातून खाली उतरताना पाहिला तेव्हा मी जेवायला जायची विसरले होते.

हीमपर्यंत जाणारी वाट चिंचोळी आहे. तिच्या काठावर ३१५ व्या जागी सेरीन असतं. जनुकात तिथे एजीसी अशी तीन अक्षरं असतात. मधलं जी बदलून सी झालं की सेरीनच्या जागी थ्रिओनिन येतं. वाटेत एक मिथाइल गट पुढे येतो, म्हणजे एक कार्बन आणि त्याला लागलेले तीन हायड्रोजन. पेरॉक्साइड छोटं, ते जातं. आयसोनियाझिड अडतं. अख्खं कॅटजी गमावूनही जंतू औषधाला दाद देईनासा होतो, पण मग पेरॉक्साइडपुढे तो उघडा पडतो. या एका अक्षरानं त्याचं दोन्हीकडे भागतं. म्हणून रुग्णांमध्ये आयसोनियाझिडला न जुमानणारे जंतू सापडतात तेव्हा सर्वांत जास्त वेळा हाच बदल दिसतो. हे वाक्य माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात आहे. मी स्वतः लिहिलेलं.

आता आप्पांचं.

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. बार्शीत त्यांचं गॅरेज. २०१५ च्या उन्हाळ्यात त्यांना खोकला लागला, वजन उतरलं, बेडका तपासला तर टीबी. दादानं, म्हणजे त्यांच्या मुलानं, जीनएक्स्पर्ट या झटपट तपासणीच्या रिपोर्टचा फोटो मला व्हॉट्सॅपवर पाठवला. टीबी आहे, रिफॅम्पिसिनला, म्हणजे टीबीच्या दुसऱ्या मोठ्या औषधाला, रेझिस्टन्स नाही. खाली त्यानं विचारलं होतं, "चांगलंय ना?"

मी तेव्हा पीएचडीच्या चौथ्या वर्षात होते. त्या आठवड्यात मी ३१५ थ्रिओनिनचं कॅटजीच शुद्ध करत होते. फोन टेबलावर होता आणि बर्फात त्या प्रोटीनच्या नळ्या. ती तपासणी फक्त रिफॅम्पिसिनचं जनुक बघते, कॅटजीकडे ढुंकूनही बघत नाही, हे मला माहीत होतं. ऐकीव नव्हे, परीक्षेत लिहिण्याइतकं पक्कं माहीत होतं. मी उत्तर दिलं, "चांगला रिपोर्ट आहे दादा. सहा महिन्यांत बरे होतील."

दोन महिने चार औषधं चालली. खोकला थांबला, भूक लागली, लघवी लाल होते म्हणून आप्पा घाबरले तर मीच फोनवर समजावलं. मग तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे चारातली दोनच उरली: आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन. आयसोनियाझिड आधीपासूनच निकामी असेल तर याचा अर्थ काय होतो? माणूस एकट्या रिफॅम्पिसिनवर राहतो, आणि एकटं औषध जंतूला पळवाट शिकवतं.

पाचव्या महिन्यात ताप परतला. या वेळी रिफॅम्पिसिनलाही रेझिस्टन्स निघाला. पुढच्या तपासणीच्या पट्टीचा फोटो दादानं पाठवला, जनुकांतले बदल रेघांनी दाखवणारी पट्टी. कॅटजीच्या खाली नेहमीची रेघ नव्हती. म्यूट वन नावाची रेघ होती, गडद. म्यूट वन म्हणजे ३१५, सेरीनचं थ्रिओनिन. माझंच ते.

मग दोन वर्षं उपचार, त्यात कित्येक महिने रोज कानामायसिनचं इंजेक्शन. आप्पा वाचले. कान गेले.

तुम्ही म्हणाल, तू डॉक्टर नाहीस. बरोबर, नाही. आमच्या प्रयोगशाळेत टीबीचा जंतूसुद्धा नव्हता, त्याचं जनुक ई. कोलाय या दुसऱ्या जंतूमध्ये घालून आम्ही प्रोटीन काढायचो. आप्पांचा बेडका मी तपासणं शक्यही नव्हतं आणि योग्यही नव्हतं. नव्या रुग्णाची आयसोनियाझिडसाठी वेगळी तपासणी तेव्हा सर्रास होत नव्हती. हे सगळं मी स्वतःला शंभरदा सांगितलं आहे. पण पट्टीची तपासणी होत होती. मोठ्या केंद्रात नमुना पाठवून पैसे भरून करता आली असती. मला फक्त एक वाक्य जास्त लिहायचं होतं: "दादा, आयसोनियाझिडचंही बघून घ्या."

त्या वेळची मी म्हणते, ते वाक्य लिहून काय झालं असतं? कदाचित डॉक्टरांनी मनावर घेतलं नसतं. कदाचित पहिल्या नमुन्यात तो बदल नव्हताच. बहुतेक वेळा आधी कॅटजी बदलतं आणि मग रिफॅम्पिसिनचं जनुक, पण आप्पांचं तसंच झालं हे सांगायला पहिला नमुना कुणी ठेवलेला नाही. आजची मी तिला म्हणते, तू हे सगळं तोलून गप्प बसली नव्हतीस. तुला सुचलंच नाही. तुझ्यासाठी ३१५ हा आकडा नळीतला होता, माणसातला नव्हता. यावर तिच्याकडे उत्तर नसतं, आणि ती चुकली असं शपथेवर म्हणायला माझ्याकडे पुरावा नसतो. आमचं भांडण तिथेच अडकतं.

पुढे २०१७ मध्ये देशभर रोजच्या गोळ्यांची पद्धत आली, त्यात शेवटच्या चार महिन्यांतही एथॅम्ब्युटॉल हे चारातलं तिसरं औषध ठेवलं गेलं. रिफॅम्पिसिनला रेझिस्टन्स नसलेल्यांचंही आयसोनियाझिड तपासायला सुरुवात झाली. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं कानामायसिन वापरू नका असं सांगितलं. यातलं काहीही माझ्या कामामुळे झालेलं नाही. तरी कॅटजी सोडवत नाही. दुसरा विषय घ्यायची संधी दोनदा आली, दोनदा मी नाही म्हटलं. प्रायश्चित्त म्हणून का? नसावं. त्या वाटेबद्दल मला अजून खरंच कुतूहल आहे, आणि ते कुतूहल आप्पांच्या आजारानंतरही कमी झालं नाही याची कधीकधी लाज वाटते.

आप्पांना मी सगळं सांगितलं आहे. बोलून ऐकू येईना, म्हणून वहीत चित्र काढून: हीम, वाट, काठावरचा तो मिथाइल. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे त्यानं एअर फिल्टर बसवला म्हण की." इतकं नेमकं मला कुठल्या व्याख्यानात सांगता आलेलं नाही. त्या मेसेजबद्दलही मी त्याच वहीत लिहिलं. त्यांनी वाचलं, पान उलटलं आणि चहा टाकायला सांगितला. आत्या, तू विचारलंस ते त्यांनी मला कधीच विचारलं नाही.

मागच्या दिवाळीत बार्शीला गेले तेव्हा गॅरेजवर एक जुनी जीप आली होती. पूर्वी आप्पा रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून काय बिघडलंय ते सांगायचे. आता ते बॉनेटवर तळहात टेकवून उभे होते. मला जवळ बोलावून त्यांनी विचारलं, "पोरी, टॅपेट वाजतायत का बघ." मी वाकले, कान लावला, पुष्कळ वेळ ऐकलं. मला काही कळेना.