पतंगाचे कर्ण

संक्रांतीआधी नाशिकच्या रविवार कारंज्यावरून आणलेला पतंग मंगळसूत्र, म्हणजे मांजा जोडायचा दोरा, बांधण्यासाठी जमिनीवर पसरला होता, तेव्हा आठवीत शिकणाऱ्या भाचीने त्याच्या चारही कडांना पट्टी लावली आणि जाहीर केले, "मामा, हा पतंग नाहीच, हा चौरस आहे." मोजमाप बरोबर होते. आपल्याकडचा पतंग म्हणजे कोपऱ्यावर उभा केलेला जवळजवळ चौरस कागदच असतो.

निष्कर्ष मात्र चुकला होता. ज्या चौकोनाचा एक कर्ण दुसऱ्या कर्णाचा लंबदुभाजक असतो, म्हणजे त्याला काटकोनात छेदून त्याचे दोन समान भाग करतो, तो भूमितीतला पतंग, एवढीच अट आहे; चारही बाजू समान असू नयेत असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. त्यामुळे प्रत्येक समभुज चौकोन, आणि अर्थातच प्रत्येक चौरस, पतंगही असतो. आयताचे कर्ण एकमेकांना दुभागतात, पण तो चौरस असल्याखेरीज काटकोनात छेदत नाहीत, म्हणून तो या कुळातला नव्हे.

बाजूंऐवजी कर्णांवरून केलेली ही व्याख्या मला अधिक पटते, कारण नुसत्या बाजू चौकोनाला आकार देऊ शकत नाहीत. भाचीला ते दाखवण्यासाठी १५, १५, २० आणि २० सेंमीच्या चार काड्या, समान काड्या शेजारी येतील अशा, दोऱ्याने जोडल्या. आडवा कर्ण २४ सेंमी ठेवला की उभा बरोबर २५ सेंमी होतो आणि कर्णांच्या गुणाकाराच्या निम्मे, म्हणजे ३०० चौसेंमी, क्षेत्रफळ मिळते. त्याच काड्या आत दाबून आडवा कर्ण १८ सेंमी केला, तर उभा जवळजवळ ३० सेंमीपर्यंत ताणला जातो, पण क्षेत्रफळ सुमारे २६९ चौसेंमीवर येते. यापैकी पहिली स्थिती विशेष आहे: तिथे दोन्ही पंखांचे, म्हणजे आडव्या कर्णाच्या टोकांचे, कोन काटकोन असतात, म्हणून या चार काड्यांत मावणारे सर्वांत मोठे क्षेत्रफळ तेच, आणि २५ सेंमी व्यासाचे वर्तुळ चारही शिरोबिंदूंतून जाते.

भास्कराचार्यांनी 'लीलावती'त नेमके यावरच बोट ठेवले आहे. लंब किंवा कर्ण न सांगता चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारणाऱ्याला ते पिशाच म्हणतात आणि उत्तर देणाऱ्याला त्याहूनही मोठे पिशाच. (परीक्षेत अशी उत्तरे मीही लिहिली आहेत.)

मग भाचीने विचारले की खऱ्या पतंगात आडवा कर्ण कुठे आहे. उभी काडी हा एक कर्ण खराच, पण कमान, म्हणजे आडवी काडी, वाकलेली असते. आडवा कर्ण म्हणजे तिच्या दोन टोकांना जोडणारी, कुठेही न दिसणारी रेषा. आम्ही तिथे दोरा ताणून धरला. उभ्या काडीच्या डावीकडे तो जेमतेम अर्धा सेंमी जास्त भरला. संध्याकाळी गच्चीवर पतंग सतत एकाच बाजूला झुकू लागला, तेव्हा दुसऱ्या बाजूला चिंधी बांधायला भाचीनेच सांगितले.