फायनल इयरचा प्रोजेक्ट विकत घेऊ नका रे

रिझल्ट लागले की मेसेज चालू होतात, दादा बीई कॉम्प्युटर झालं, आता पुण्याला जाऊन जावाचा क्लास लावू का एमपीएससी करू. नांदेड, परभणी, लातूर, कुठलाही पोरगा घ्या, डोक्यात हे दोनच रस्ते. बारावीपर्यंत आपल्याकडं लातूर पॅटर्न, त्याच्यापुढं सगळा आनंदच! रिसर्च म्हणलं की पोरं हसतात, आणि घरच्यांना वाटतं पीएचडी म्हणजे अजून पाच वर्षं बापाच्या पैशावर बसून खाणं.

तर पैशाचं आधीच सांगून टाकतो. गेट, म्हणजे एमटेकच्या प्रवेशाची परीक्षा, देऊन सरकारी संस्थेत एमटेकला लागलात की महिन्याला १२,४०० रुपये मिळतात, आणि यूजीसी नेटच्या परीक्षेतून जेआरएफ (रिसर्च करणाऱ्याला मिळणारी फेलोशिप) निघाली की पीएचडीला पहिले दोन वर्षं ३७,००० आणि वरून घरभाडं. पुण्यात फ्रेशर म्हणून लागलेल्या किती पोरांच्या हातात एवढे पडतात ते त्यांनाच विचारा.

पण माझं खरं म्हणणं प्रोजेक्टबद्दल आहे. आपल्याकडं फायनल इयरचा प्रोजेक्ट दुकानातून येतो, रिपोर्ट बाइंडिंगसकट. त्यातला एक तर मला पाठच झालाय, पानाचा फोटो टाका, रोग ओळखतो. मॉडेल सीएनएन (फोटो ओळखायला शिकणारा प्रोग्राम), डेटा प्लांटव्हिलेज नावाच्या फुकट मिळणाऱ्या फोटोसंग्रहाचा, ५४ हजारांच्या वर फोटो, अ‍ॅक्युरसी म्हणजे बरोबर ओळखण्याचं प्रमाण ९९ टक्के, सर खुश, आणि मग पैसे भरून आठ दिवसात छापणाऱ्या कुठल्यातरी जर्नलमधी पेपर.

आता तो डेटा जरा उघडून बघा की. पान तोडून साध्या कागदासारख्या बॅकग्राउंडवर ठेवून काढलेले फोटो आहेत ते. पिकं १४, त्यात ब्लूबेरी आहे, रासबेरी आहे, पण कापूस नाही, तूर नाही, आणि सोयाबीन आहे ते फक्त निरोगी पानांचं, म्हणजे सोयाबीनचा एकसुद्धा रोग त्यात नाही! आणि २०१६ ला ज्या लोकांनी याच्यावरचा गाजलेला पेपर लिहिला त्यांनी स्वतःच सांगितलंय की त्याच डेटावर ९९.३५ टक्के येतात पण दुसरीकडचे फोटो दिले की ३१ च्या आसपास येऊन पडतं. हे वाचायला कुणी जात नाही, ९९ चा आकडा तेवढा उचलतात.

आता तुमच्या घरचं सोयाबीन वावरात उभं आहे, पिवळा मोझॅक आलाय, हातात मोबाईल आहे. सकाळी काढा, भर उन्हात काढा, पानावर सावली पडलेली, धूळ बसलेली, सगळे फोटो घ्या. रोगाचं नाव मात्र अंदाजानं लावू नका, परभणीच्या कृषी विद्यापीठात पिकांचे रोग बघणारे लोक आहेत, दोघांना वेगवेगळं दाखवा आणि दोघांचं किती जुळतं ते लिहून ठेवा. एकाच झाडाचे फोटो ट्रेनिंग (मॉडेलला शिकवायला) आणि टेस्ट (तपासायला) दोन्हीकडं घातले तर परत खोटे ९९ येतील, म्हणून अख्खा प्लॉटच वेगळा काढायचा. मग तयार मॉडेल चालवून बघा कुठं आणि कशामुळं चुकतंय. हाच रिसर्च, आणि दिल्ली-बंगळुरूच्या लॅबमधी बसलेल्याकडं ते वावर नसतं.

शेती नको असेल तर भाषा घ्या. पुण्यात एलथ्रीक्यूब म्हणून ग्रुप आहे, त्यांनी महाबर्ट वगैरे मराठी मजकूर समजणारी मॉडेलं नेटवर फुकट टाकलीत आणि त्यांच्या बऱ्याच पेपरांवर बीईच्याच पोरांची नावं आहेत. आपण बोलतो ती "काय करायलास, कुठं जायलास"वाली मराठी त्या मॉडेलांसमोर टाकून बघा काय होतंय.

हे हातात असलं की मग प्रोफेसरला मेल टाका. "रिस्पेक्टेड सर आय अ‍ॅम व्हेरी इंटरेस्टेड इन एआय" असला एकच मेल पन्नास जणांना पाठवायलेत पोरं, कोण वाचणार? चार ओळी बास, तुमचा अमुक पेपर वाचला, कोड चालवला, आमच्या फोटोंवर असं झालं, गिटहबची (कोड ठेवायची वेबसाइट) लिंक ही. बीई चालू असतानाच इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस आणि बाकीच्या दोन अकॅडम्या मिळून समर फेलोशिप देतात त्याला पण अर्ज टाका, दोन महिने मोठ्या लॅबमधी काम करायला मिळतं.

गेटला सीएस म्हणजे कॉम्प्युटर सायन्सचा पेपर आहेच, २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपर पण आहे, आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. आयआयटी मुंबईत रिसर्च असिस्टंटशिपवाला (शिकता शिकता रिसर्चच्या कामात मदत करायची) तीन वर्षांचा एमटेक असतो, रिसर्च करायचाय त्यानं तो नक्की बघावा. सीएसआयआर नेट म्हणून विज्ञानाच्या विषयांची वेगळी परीक्षा असते, तिच्यात आपला विषयच नाही, तिच्या क्लासला पैसे घालू नका, यूजीसी नेट बघा. चार वर्षांच्या डिग्रीला ७५ टक्के असतील तर एमटेक न करता पण ही यूजीसी नेट देता येते, राखीव प्रवर्गाला त्यात सवलत आहे.

कॉलेजच्या नोटीस बोर्डावर यातलं काही लागत नाही, वेबसाइटा स्वतःच बघत राहा. गेटचा फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरला निघतो, थर्ड इयरवाल्यांनी पण भरला तर चालतो. आणि सोयाबीन उभं आहे तोवर फोटो काढून घ्या, एकदा काढणी झाली की पुढच्या पावसाळ्यापर्यंत बसा वाट बघत.