५६०० काढला, ५७००एक्स बसवला: शनिवार-रविवारची नोंद

मामेभावाने एएमडीचा रायझन ७ ५७००एक्स प्रोसेसर घेतला, पण त्याचा मदरबोर्ड अजून यायचाय. "दादा, तुझ्याकडे लावून बघ ना, चालू आहे की नाही ते तरी कळेल," म्हणून डबा माझ्याकडे ठेवून गेला. माझ्या बी४५० बोर्डावर २०१८ पासून आधी रायझन ५ २६०० आणि आता रायझन ५ ५६०० असा संसार चाललाय. बोर्ड तोच, रॅम तीच, कूलर तोच, बदलणार फक्त प्रोसेसर. अशी तुलना घरबसल्या करायला मिळते कुठे! ५७००एक्सच्या डब्यात कूलर येत नाही, त्यामुळे तोही प्रश्न मिटला.

कागदावर बघितलं तर ५६०० म्हणजे ६ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) १२ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत. ५७००एक्स म्हणजे ८ कोअर १६ थ्रेड, ४.६ पर्यंत. दोन्ही एप्रिल २०२२ चे, दोघांचा एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच जलद मेमरी) ३२ एमबी. आतली सिलिकॉनची चकतीसुद्धा एकच, आठ कोअरची. चाळीतल्या आठ खोल्यांपैकी ५६०० मध्ये दोनांना कुलूप लावलेलं, एवढाच फरक.

शनिवारी दुपारी पहिलाच घोळ. प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट वाळलेली असते, म्हणून आधी मशीनवर दहा मिनिटं लोड टाकून ते तापवायचं, मग बंद करून कूलर हळूच डावी-उजवीकडे फिरवत सोडवायचा, हे मी इतरांना दहा वेळा सांगितलंय. आणि स्वतः थंडगार मशीनवरचा कूलर सरळ वर ओढला. टच्च असा आवाज झाला आणि ५६०० सॉकेटमधून उपटून कूलरला चिकटून वर आला, खटका बंद असताना! एएम४ सॉकेटच्या या प्रोसेसरला १३३१ पिना असतात. टॉर्च आडवा धरून एकेक ओळ तपासली, तर कोपऱ्यातल्या दोन वाकलेल्या. ०.७ ची पेन पेन्सिल घेतली, शिसं काढलं, टोक पिनेवर चढवून केसभर-केसभर सरळ केली. पाऊण तास गेला. तेवढ्यात आईने दोनदा चहा गरम केला.

५७००एक्स बसला. सुरू होताना नवा प्रोसेसर सापडलाय, एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षा-किल्ल्यांची तिजोरी) रीसेट करायचा का, असं विचारणारा पडदा आला. (बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क-कुलूप, चालू असेल तर हे करण्याआधी तो थांबवा, नाहीतर रिकव्हरी की शोधत बसाल.) विंडोज आलं, सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरचा वेग मोजणारी चाचणी) साडेतेरा हजारांच्या वर गेलं. ५६०० चा आकडा अकरा हजारांच्या आसपासचा, म्हणजे ठीकच. पण काउंटर-स्ट्राइक २ हा गेम लावला तर फ्रेम्स जुन्या प्रोसेसरपेक्षा कमी! महाग प्रोसेसर आणि मागे? ड्रायव्हर पुन्हा टाकला, पॉवर प्लॅन बदलला, मामेभावाला "तुझा पीस खराब आहे बहुतेक" असा मेसेजही लिहून ठेवला. सुदैवाने पाठवला नाही. रात्री साडेअकराला टास्क मॅनेजरमध्ये सहज मेमरीवर नजर गेली: २४००. प्रोसेसर बदलल्यावर बायोसने (बोर्डाच्या मूळ सेटिंगने) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करून टाकलं होतं. रॅम ३२०० ची, आणि रायझनमध्ये इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरमधले भाग जोडणारी वाट) रॅमच्याच चालीने चालतं, म्हणजे १६०० ऐवजी १२०० वर. खेळाला हे लगेच बोचतं. सिनेबेंचला रॅमचं फारसं पडलेलं नसतं, म्हणून तिकडे पत्ता लागला नाही. शनिवारचे सगळे आकडे खोडले.

रविवारी पहिल्यापासून सुरुवात. आमचं घर कोथरूडला, गच्चीखालचं, दुपारी खोली भट्टी होते, म्हणून सगळ्या चाचण्या रात्री दहानंतर, खिडकी उघडी, खोलीत ३१ अंश.

खेळात दोघांत फरक नाही म्हटलं तरी चालेल. माझं ग्राफिक्स कार्ड जुनं आहे, तेच आधी दमतं.

खरी मजा हँडब्रेकमध्ये (व्हिडिओ रूपांतर करणारं सॉफ्टवेअर) आली. भाच्याच्या मुंजीचा दीड तासाचा फुल एचडी व्हिडिओ एक्स२६५ मध्ये (व्हिडिओ लहान करण्याची पद्धत) बदलायला: ५६०० ला ५० मिनिटं, ५७००एक्सला ४२. कोअर एक तृतीयांशाने जास्त, मग वेळ तेवढा का नाही वाचला? वेग, वीज आणि तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवलं होतं, त्यात उत्तर दिसलं. डब्यावर दोघांच्याही ६५ वॅट लिहिलंय, प्रत्यक्षात दोघांना ७६ वॅटची वेस आहे. तेवढ्याच विजेत ५६०० सहा तोंडं भरतो, ५७००एक्स आठ. म्हणून सिनेबेंचमध्ये ५६०० चे कोअर ४.३ च्या आसपास पळतात, तर ५७००एक्सचे ४ च्या जवळपास येतात. प्रत्येक जण हळू, पण हात जास्त, आणि हळू चालवलेला कोअर वीज कमी खातो. त्यामुळे त्याच ७६ वॅटमध्ये काम जास्त निघतं. तापमानही दोन-तीन अंश कमीच दिसलं, कारण तेवढीच उष्णता जास्त जागेत पसरते.

म्हणून माझ्यापुरतं ठरलं: ५६०० राहणार. महिन्याला एखादा व्हिडिओ करणाऱ्याने आठ मिनिटांसाठी पैसे का घालायचे? मामेभाऊ मात्र रोज ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर लावतो, त्याने योग्य तेच घेतलं.

रविवारी रात्री दीडला अदलाबदल. या वेळी मशीन तापवलं, कूलर फिरवून काढला, पिना शाबूत. ५६०० परत बसवल्यावर एक्सएमपी आधी चालू केलं, मग सिनेबेंच: जुना आकडा जसाच्या तसा, म्हणजे सरळ केलेल्या पिना टेकल्यात. पुढच्या खेपेला बायोसमधून ७६ ची मर्यादा ६० वर आणून बघणार आहे. फक्त गुरुवार सोडून, त्या दिवशी लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि माझा यूपीएस पाच मिनिटांत रडायला लागतो.