‘मस्ट’चा तक्ता भरायला शिकताना

कर्बोदकं आणि प्रथिनं ग्रॅममागे ४ किलोकॅलरी, स्निग्ध पदार्थ ९, हे नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी पाठ झालं होतं. समोरचा रुग्ण कुपोषणाकडे चाललाय का, हे मात्र ‘मस्ट’चा, म्हणजे कुपोषणाचा धोका गुणांनी मोजणाऱ्या चाचणीचा, तक्ता भरून भरूनच ओळखता येऊ लागलं.

बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २० च्या वर असेल तर गुण ०, १८.५ ते २० ला १, त्याखाली २. तीन ते सहा महिन्यांत आपोआप घटलेलं वजन ५ टक्क्यांखाली असेल तर ०, ५ ते १० ला १, त्यावर २. रुग्ण गंभीर आजारी असून पाच दिवसांहून जास्त पोटात काही गेलं नसेल, किंवा जाणार नसेल, तर आणखी २. बेरीज १ आली की तीन दिवस खाण्याची नोंद ठेवायची. २ किंवा जास्त आली की डायटिशियनला कळवायचं. नोंदीत ‘बरं खाल्लं’ लिहून काहीच कळत नाही. ताट उचलण्याआधी बघून पाव, अर्धं, पाऊण असं लिहावं.

घोळ होतो टक्केवारीत. ६२ किलोंचा माणूस ५६ वर आला, तर ६ भागिले ६२, म्हणजे ९.७ टक्के, गुण १. आम्ही आजच्या ५६ ने भागायचो, मग १०.७ टक्के येतात आणि गुण २ होतो. भाजक कायम आधीचं वजन. याच माणसाची उंची १६३ सेंटिमीटर असेल तर बीएमआय २१ भरतो, त्या रकान्यात ०. नुसता बीएमआय बघणाऱ्याच्या हातून तो सुटलाच. अंगावर सूज किंवा पोटात पाणी असेल तर काट्यावरही विसंबू नये.

सर्वांत उशिरा उमगलं ते सलाईनचं. ‘सलाईन चालू आहे’ म्हणजे पोषण चालू आहे, असं अजूनही अनेकांना वाटतं. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या, म्हणजे साखरेच्या सलाईनच्या, एक लिटरमध्ये ५० ग्रॅम डेक्स्ट्रोज, म्हणजे जेमतेम १७० किलोकॅलरी (यातल्या डेक्स्ट्रोजमध्ये पाण्याचा अंश असतो, म्हणून ग्रॅममागे ४ नाही, ३.४), प्रथिनं शून्य. ६० किलोंच्या माणसाला किलोमागे २५ धरल्या तरी दिवसाला १५०० लागतात. नॉर्मल सलाईनमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्यात, तर एकही नाही.

बरेच दिवस उपाशी असलेल्याला मात्र एकदम भरपूर देणं धोक्याचं. इन्सुलिन वाढतं, फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं, रक्तातलं प्रमाण घसरतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून आधी थायमिन (जीवनसत्त्व बी१), मग दिवसाला किलोमागे फार तर १० किलोकॅलरींनी सुरुवात, आणि सुरुवातीला रोज रक्त तपासणं.