वस्तीतला व्हिडिओवर्ग: कूलर, ट्यूबलाइट आणि संमतीपत्र

शाळा सुटल्यावरच्या फुकट व्हिडिओवर्गाचं कानावर आलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "कॅमेरा कोणता घेतला?" आम्ही घेतलाच नाही. १२ पोट्टे, चौघांची एक तुकडी, तुकडीमागे एक जुना अँड्रॉइड फोन. मुलांच्या घरचा फोन मागवायचा नाही. बहुतेक घरांत एकच असतो आणि संध्याकाळी तो कामावर असतो. कुणी जुना फोन देत असेल तर बॅटरी फुगलेली नाही ना आणि माइकचं भोक बुजलेलं नाही ना, एवढं बघून घ्या.

खरा घोळ आवाजाचा. वर्ग भरतो समाजमंदिरात, म्हणजे वर पत्रे, खाली फरशी, भिंती उघड्या, शब्द घुमतात. बोलणाऱ्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर जाड चादरी किंवा गाद्या टाकल्या की निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं कूलरचं. नागपुरात एप्रिल-मेमध्ये कूलर बंद करा म्हणणं म्हणजे भांडणच. म्हणून तालीम कूलर चालू ठेवून, रेकॉर्डिंग कूलर बंद करून, तेही पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत. "नंतर ऑडॅसिटीत (आवाज साफ करायचं मोफत सॉफ्टवेअर) काढू" हा विचार सोडा. पंख्याची घरघर जास्त खरवडली की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा ऐकू येतो. थोडीफार साफसफाई करायचीच असेल तर प्रत्येक वेळी कुणी न बोलता १० सेकंद नुसता खोलीचा आवाज घेऊन ठेवा. नमुना म्हणून तोच लागतो.

कॉलरचा माइक घेताना पिनेवरच्या काळ्या रेघा मोजा. तीन असतील तर फोनच्या गोल जॅकला चालतो. दोन असतील तर तो कॅमेऱ्याचा. फोन त्याला ओळखत नाही आणि गुपचूप स्वतःच्याच माइकवर रेकॉर्ड करत राहतो. घरी येऊन ऐकेपर्यंत पत्ता लागत नाही. आधी माइकवर नखानं टकटक करा, मग फोनवर, आणि लगेच ऐका. फोनवरची टकटक मोठी आली तर माइक लागलेलाच नाही. मधेच कॉल येऊ नये म्हणून फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, पण ते रोज कुणीतरी विसरतंच.

ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसले तर फोन बिघडला असं समजू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. ओपन कॅमेरासारख्या मोफत ॲपमध्ये, फोन परवानगी देत असेल तर, शटर, म्हणजे एका फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंदावर बांधून टाका. देत नसेल तर सरळ खिडकीशी बसा. पण डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि शाळा सुटून पोरं येईपर्यंत पाच वाजतात. हिवाळ्यातलं बाहेरचं शूटिंग रविवारी सकाळीच.

एडिटिंगला ८ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप आणि केडेनलाइव्ह हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं, प्रॉक्सी क्लिप (कापताना वापरायच्या हलक्या नकला) चालू ठेवल्या तर. "दादा, कॅपकट का नाही?" हे दर बॅचला येतं, त्यावर २०२० पासून भारतात बंदी आहे. फोन फ्रेमचा वेग स्थिर ठेवत नाही, त्यामुळे लांब मुलाखतीत ओठ आणि आवाज हळूहळू सुटे होतात. हँडब्रेक या फाइल बदलायच्या मोफत सॉफ्टवेअरमधून फाइल आधी स्थिर वेगाची करून घ्या, मगच कापायला बसा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मारबतच, म्हणजे नागपुरातली पुतळ्यांची मिरवणूक, शूट करायची असते. करू द्या, फक्त तिथला आवाज वापरायचा नाही असं आधीच ठरवा. ढोल आणि डीजेनं फाटलेला आवाज कशानंच दुरुस्त होत नाही. निवेदन नंतर चादरीआड.

संमतीपत्र मराठी आणि हिंदी दोन्हीत हवं, आणि आईबाबांना वाचून दाखवायचं. वर्गात दाखवायला एक सही, इंटरनेटवर टाकायला वेगळी सही. पहिली देऊन दुसरी नाकारणारे पालक भेटतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती सांगितली आहे. पूर्ण नाव, शाळा, गल्लीची पाटी यांतलं काही पडद्यावर येऊ देऊ नका.

वर्ग सुटताना फाइल डेस्कटॉपवर आणि एका पेनड्राइव्हवर. दोन्हीकडे उघडून चालवून बघितल्याशिवाय फोनमधून काही पुसायचं नाही.