पेटी, भूप आणि देशकार : रियाजाची नोंद

पेटी (हार्मोनियम) कारागिराकडून परत आली. काळी एकचा (सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीचा) सा धरला की शुद्ध गांधार (ग) पांढरी चारवर येतो. मधल्या सप्तकातला तेवढाच सूर उतरवून घेतलाय. पेटीतले स्वर समान अंतरांवर लावलेले असतात, त्यामुळे तिचा गांधार तंबोऱ्यातल्या स्वयंभू (तारांच्या नादातून आपोआप उमटणाऱ्या) गांधारापेक्षा साधारण 14 सेंट चढा राहतो. अर्ध्या स्वराचे शंभर सेंट, म्हणजे फरक किरकोळच. पण तंबोरा लावून तो सूर जरा वेळ धरून बघा, कानाला टोचायला लागतो. कारागिरानं सुराच्या पितळी जिभेला मुळाशी किंचित खरवडलं (टोकाकडे खरवडलं तर सूर चढतो) आणि तंबोऱ्यावर उठणाऱ्या लाटा थांबल्या. तोटा असा, की सा दुसरीकडे नेला तर हा उतरलेला सूर भलत्याच स्वराच्या जागी येऊन बसतो. मला चालतं. मी एकाच मित्राला साथ करतो आणि तो काळी एक सोडत नाही.

सूर जुळला, पण भूप रागात जीव येईना. फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं तर प्रत्येक स्वराला सारखं वजन, सारखा वेळ, हजेरी घेतल्यासारखा. मला शिकवणाऱ्या बाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "भूप ठेव बाजूला. आधी देशकार वाजव, म्हणजे भूप कुठे संपतो ते कळेल."

दोन्ही रागांत स्वर तेच पाच : सा रे ग प ध. भूप संध्याकाळचा, गांधारावर विसावणारा. देशकार सकाळचा, धैवतावर उभा राहणारा. रिषभाला जेमतेम शिवतो आणि वरच्या अंगात खेळून पंचमावर येतो. गांधारावर अंमळ रेंगाळलात की देशकार गेलाच. पेटीवर ही परीक्षा कडक होते, कारण मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) काढून निसटायची सोय नाही. एकाच पट्टीवरचा तोच धैवत एका रागात मालक आणि दुसऱ्यात सोबती. ठरतं ते फक्त कुठून आलात, किती थांबलात आणि भाता किती दाबलात यावर. मला वाटतं, सुरातला जीव तिथेच आहे. उतरवलेल्या गांधारानं मदत केली, पण तो एकटा पुरत नाही.

रेडिओनं 1940 मध्ये पेटीला बंदी घातली ती याच मुद्द्यावर : मींड नाही, श्रुती (स्वरांमधले सूक्ष्म सूर) नाहीत, हे वाद्य आपल्या संगीताला परकं. बंदी सैल व्हायला 1971 उजाडलं. आक्षेप खोटा नव्हता. दरबारी रागाचा आंदोलित (हळू झुलणारा) गांधार पेटीवर येत नाही, कुणाच्याच हातून. मग गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर या पेटीवादकांच्या पेटीला गाती पेटी का म्हणायचं? बोरकरांची जुनी रेकॉर्डिंगं सध्या पुन्हा ऐकतोय, लक्ष उजव्या हातावर न ठेवता हवेवर ठेवून. स्वर सुरू होतो तेव्हा पूर्ण नसतो, फुगत जातो. आधीची पट्टी सुटायच्या आत पुढची लागते, आणि दोन सुरांमधली फट कानच भरून काढतो. कणस्वर (मुख्य स्वराआधी ओझरता लागणारा सूर) तर इतका हलका, की वाजला की भास झाला ते कळू नये. आपल्याकडे बोटांच्या तयारीचं फार कौतुक होतं; डाव्या हाताबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

म्हणून सध्याचा रियाज कंटाळवाणा आहे. तंबोरा लावायचा, एक सा धरायचा आणि भात्यानं तो लहान-मोठा करत राहायचं, मध्ये हिसका न बसता. मग तीनतालात चंद्रकंस रागाचा लेहरा (तबल्यासाठी फिरत राहणारी सुरांची ओळ), ठाय म्हणजे संथ लयीत. लेहऱ्यात नवीन काही करायचंच नसतं. सोळा मात्रांची तीच ओळ पुन्हा पुन्हा. मोबाइलवरचा लेहरा लयीला कधीच हलत नाही, रियाजाला उत्तम. पण तबलजी तिहाई (तीनदा वाजवलेला तुकडा) घेऊन समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येतोय हे त्याला ठाऊक नसतं. माणसाच्या हाताला ते ठाऊक असतं, आणि शेवटच्या दोन-तीन मात्रांत भाता आपोआप भरतो. लय तसूभरही न हलता सम मोठी होते.

पुढचं काम विलंबित (संथ) एकतालातली साथ. मित्राचं म्हणणं, आलापात मी त्याच्या मागोमाग फार बोलतो. त्याची ओळ संपेपर्यंत हात पट्टीवर नुसता ठेवून बसायचं, सूर न लावता, असं ठरलंय. ते देशकारापेक्षा अवघड जाणार.