डावखुऱ्या फटक्याची कळ

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराच्या पूर्वेला, डंडॉक भागातल्या एका उपचारकेंद्रात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून नोकरी करत असे, तेव्हाची ही हकिकत आहे. तारीख मला पक्की आठवते, कारण ती बेसबॉलच्या नोंदींत कायमची लिहिली गेली आहे: शनिवार, 13 एप्रिल 2019. रुग्णांची नावे सांगायला तिथला कायदा मनाई करतो. त्याची फारशी अडचण नाही, कारण आम्ही कर्मचारी आपसांत बोलताना रुग्णांना त्यांच्या सांध्यांवरूनच ओळखत असू. तेव्हा या हकिकतीत एक खुबा आहे, एक खांदा आहे आणि एक कंबर आहे.

खुबा म्हणजे सत्तरी ओलांडलेले एक आजोबा. स्पॅरोज पॉइंटच्या पोलाद कारखान्यात त्यांचे उभे आयुष्य गेले होते. तो कारखाना 2012 मध्ये बंद पडला, पण आजोबांचा आवाज भट्टीशेजारी बोलायला लागतो तेवढाच मोठा राहिला होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा उजवा खुबा बदलला होता. खांदा म्हणजे निवृत्त शिक्षिका असलेल्या एक बाई. दंडाचा स्नायू शिवून घेतल्यामुळे त्यांचा उजवा हात झोळीत असे आणि तरीही त्या डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरांत, सामन्याची धावनोंद वहीत उतरवत. कंबर म्हणजे मालवाहू गाडी चालवणारा एक तरुण, ज्याच्या मोबाइलमध्ये प्रत्येक फटक्याचा वेग आणि कोन साठवलेला असे. या तिघांच्या वेळा शनिवारी दुपारी एकापाठोपाठ एक येत आणि एकमेकींत मिसळून जात, कारण काम संपले तरी कोणी उठत नसे. भिंतीवरच्या टीव्हीवर ओरिओल्सचा सामना चालू असे.

बाल्टिमोरचा हा संघ त्या काळात नुसता हरत नव्हता, तर हरण्याची त्याला सवय झाली होती. 2018 च्या हंगामात त्यांनी 47 सामने जिंकले आणि 115 गमावले. भरवशाचा खेळाडू मॅनी मचाडो याला हंगामाच्या मध्यावरच दुसऱ्या संघाकडे पाठवून दिले गेले, व्यवस्थापक बदलला आणि पुढची काही वर्षे नव्या पोरांना तयार करण्यातच जाणार, हे सगळ्यांना कळून चुकले. अशा संघाच्या चाहत्यांना राग काढण्यासाठी एक माणूस लागतो, आणि तो क्रिस डेव्हिसच्या रूपाने समोर होता. याच डेव्हिसने 2013 मध्ये 53 होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेर जाणारे फटके, मारून संघाचा विक्रम केला होता. जानेवारी 2016 मध्ये त्याच्याशी सात वर्षांचा, 16 कोटी 10 लाख डॉलरचा करार झाला, आणि त्यानंतर त्याची फलंदाजी वर्षागणिक उतरत गेली. 2018 मध्ये त्याची सरासरी .168 होती, म्हणजे हजार संधींमागे 168 यशस्वी फटके, बाद न होता फलंदाजाला बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यावर, पोहोचवणारे. पूर्ण हंगाम खेळलेल्या कोणत्याही फलंदाजाने त्या खेळाच्या आधुनिक इतिहासात इतकी खालची पातळी गाठली नव्हती. त्या वर्षाच्या सप्टेंबरच्या मध्यापासून तर त्याच्या बॅटमधून एकही यशस्वी फटका निघेना. 2019 चा एप्रिल उजाडला तरी तेच. 8 एप्रिलला, गोलंदाज सोडून इतर खेळाडूंमधला, सलग 46 अपयशांचा जुना विक्रम त्याने घरच्याच मैदानावर मोडला, आणि त्या रात्री ते मैदान बघायला जेमतेम 6,585 माणसे आली होती. शनिवारपर्यंत आकडा 54 वर पोहोचला होता.

आमच्याकडे या आकड्यावर रोज खल होत असे. तरुणाचे म्हणणे असे की दोष फटक्याचा नाहीच. डेव्हिस डावखुरा आहे, चेंडू उजवीकडेच मारतो, आणि हे ठाऊक असल्याने प्रतिस्पर्धी तीन-तीन क्षेत्ररक्षक त्याच बाजूला उभे करतात, त्यामुळे पूर्वीचे चांगले फटके आता थेट हातात जातात. यावर त्याचा उपाय होता चेंडू अधिक वर उचलण्याचा. बाईंना हा उपाय मुळीच मान्य नव्हता. चेंडू बॅटला लागतच नसेल तर तो कोणत्या कोनात उचलायचा, असा त्यांचा सरळ प्रश्न असे. त्यांच्या वहीप्रमाणे डेव्हिस तिसरा स्ट्राइक, म्हणजे सोडला तर बाद करणारा चांगला चेंडू, नुसता बघत उभा राहतो, आणि बघत उभे राहण्यासाठी कोणी कोणाला कोट्यवधी डॉलर देऊ नयेत. आजोबांचे निदान मात्र यंत्र दुरुस्त करणाऱ्याचे होते. पोराचा पुढचा खांदा आणि कंबर लवकर उघडतात, बॅट मागे राहते, एवढेच. जून 2018 मध्ये आठ सामने बाहेर बसवून प्रशिक्षकांनी त्याची उभे राहण्याची ढब बदलली, नंतर हातांची जागा बदलली, मग पुन्हा काहीतरी बदलले. आणि आजोबांच्या मते प्रत्येक बदलाने मूळ बिघाड आणखी आत गेला होता.

शरीराच्या हालचालींचा अभ्यास केलेली मीच असल्यामुळे निवाडा माझ्याकडे मागितला जाई. मी मिरजेची, बेसबॉल मला चाळिशीच्या उंबरठ्यावर कळू लागला होता. म्हणून मी क्रिकेटचा आधार घेतला आणि त्यांना सांगितले की जानेवारी 2004 मध्ये सिडनीला सचिन तेंडुलकरने, बरीच पडती मालिका चाललेली असताना, कव्हर ड्राइव्ह हा आपला आवडता फटका मारायचाच नाही असे ठरवले आणि नाबाद 241 धावा केल्या. तेव्हा एखादी गोष्ट वाढवण्यापेक्षा टाकून देणे हाही इलाज असू शकतो. आजोबांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. तुमच्या त्या गृहस्थाला बाहेरचे चेंडू दिवसभर सोडता येत होते, ते म्हणाले, आमच्या पोराने तीन चांगले चेंडू सोडले की त्याला बाकावर जाऊन बसावे लागते. बाईंनी मान डोलावली. त्या दोघांचे एकमत झालेले मी तेवढे एकदाच पाहिले.

आता माझ्या कामाकडे येते. आजोबांची प्रगती पहिले तीन आठवडे उत्तम होती. त्यानंतर अचानक, बसल्या जागेवरून उठताना आणि दोन-चार पावले टाकताना, उजव्या जांघेत कळ येते अशी तक्रार सुरू झाली. सूज नव्हती, जखम कोरडी होती, ताप नव्हता, पायांची लांबी सारखी होती. व्यायाम करता का, असे मी प्रत्येक वेळी विचारी आणि ते प्रत्येक वेळी हो म्हणत, जे खरेच होते. तेव्हा मी माझ्या पद्धतीने शोध सुरू केला. आधी काठीची उंची बदलली. मग पाऊल आखूड टाकायला सांगितले. मग कुशीवर झोपून पाय उचलण्याचा व्यायाम बंद करून दुसरा दिला. मग आरशासमोर चालवून कमरेकडे लक्ष ठेवायला लावले. दोन आठवड्यांत चार बदल झाले आणि कळ होती तिथेच राहिली. उलट आजोबांची चाल आता मोजून-मापून टाकलेल्या पावलांची, अवघडलेली दिसू लागली होती. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना कळवावे, असे मी त्या शनिवारी सकाळी मनाशी ठरवले होते.

त्या दुपारी सामना बॉस्टनला, फेनवे पार्कवर होता. पहिल्याच डावात तिन्ही बेसवर ओरिओल्सचे खेळाडू उभे असताना डेव्हिस फलंदाजीला आला. समोर रिक पोर्सेलो गोलंदाजी करत होता. तरुण पाठीवर झोपून गुडघे छातीशी ओढत होता, बाईंचा हात माझ्या हातात होता, आजोबा उंच गादीच्या कडेला बसून पायाने रबरी पट्टा ताणत होते. आता पुन्हा बाद, असे कोणीतरी म्हणाले. आणि चेंडू बॅटला लागून उजवीकडच्या मैदानात मोकळ्या जागी पडला. दोन धावा आल्या. डेव्हिस पहिल्या बेसवर हसत उभा राहिला आणि तो चेंडू आपल्याकडे द्या अशी खूण करू लागला. परक्या मैदानातल्या प्रेक्षकांनीही टाळ्या वाजवल्या, त्यांतल्या काही खवचट असतील, पण वाजल्या. आमच्या खोलीत तर गदारोळ उडाला. बाईंनी वहीत त्या एका बेसच्या फटक्याची खूण इतकी जोरात केली की पान फाटले.

मग टीव्हीवर तो फटका पुन्हा, संथ गतीने दाखवू लागले आणि आजोबा उठले. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बर्फाची पिशवी आणायला गेले होते. वळून पाहते तो आजोबांनी काठी दोन्ही हातांत बॅटसारखी धरली होती आणि डेव्हिससारखे डावखुरे उभे राहून, आज त्याने खांदा कसा दाबून धरला ते तरुणाला समजावून सांगत होते. मी ओरडेपर्यंत त्यांनी काठी फिरवली होती.

मी का ओरडले, ते सांगायला हवे. त्यांचा खुबा मागच्या बाजूने उघडून बदललेला होता. अशा शस्त्रक्रियेनंतर मागचे आवरण भरून येईपर्यंत काही आठवडे तीन गोष्टी टाळायच्या असतात: कमरेत काटकोनापेक्षा जास्त वाकणे, पायावर पाय टाकणे, आणि त्या पायावर भार देऊन मांडी आत वळेल असे गिरकणे. डावखुऱ्या फलंदाजाचा पुढचा पाय उजवा असतो. तो पाय जमिनीत रोवून सगळे धड त्याच्यावर फिरते, म्हणजे पाऊल जागेवर आणि कंबर फिरलेली, आणि त्यामुळे मांडीचे हाड खुब्याच्या वाटीत नेमके आतल्या बाजूला वळते. डेव्हिस उजव्या हाताने खेळत असता तर आजोबांचा डावा खुबा पुढे आला असता, उजव्या पायाची टाच नुसती उचलली गेली असती आणि माझ्या पोटात एवढा गोळा आला नसता.

सांधा निसटला नाही. आजोबा काठीवर रेलून उभे राहिले, चेहरा पांढरा झालेला. मी त्यांना हळूच बसवले, पायाची ठेवण तपासली, लांबी तपासली. तीच कळ, हन, ते म्हणाले. बाल्टिमोरची जुनी माणसे कोणत्याही बाईला ‘हन’ म्हणतात. तीच म्हणजे कोणती, असे मी विचारायच्या आत दारातून त्यांच्या पत्नीचा आवाज आला. आरडाओरडा ऐकून त्या प्रतीक्षाकक्षातून आत आल्या होत्या. “घरी तर हे रोज रात्री चालतं,” त्या म्हणाल्या, “तो बाद झाला की हे उठतात.”

मी नोंदवही उघडली. कळ पहिल्यांदा लिहिली होती 1 एप्रिलला. हंगाम सुरू झाला होता 28 मार्चला. माझ्या चार बदलांच्या तारखा त्याच पानावर, माझ्याच अक्षरात, एकाखाली एक होत्या. मी व्यायामाबद्दल विचारत होते आणि आजोबा व्यायामाबद्दलच उत्तर देत होते. काठी हातात घेऊन स्विंग, म्हणजे बॅट फिरवण्याची ढब, दाखवणे हा त्यांच्या लेखी व्यायाम नव्हता, ते प्रशिक्षण होते. संध्याकाळी घरी काय करता, हा प्रश्न मला दोन आठवड्यांत सुचला नव्हता. बाईंनी तेवढ्यात, मुलांच्या वह्या तपासणाऱ्या सुरात, विचारले की आता पाचवा बदल कोणता करणार. मला उत्तर सुचले नाही.

सोमवारी एक्स-रे झाला. सांधा जागच्या जागी होता. डॉक्टरांनी आजोबांना फोनवर सुनावले आणि मला काही बोलले नाहीत, ते मला अधिक लागले. मी चारही बदल काढून टाकले, काठी पहिल्या उंचीवर आणली, जुने व्यायाम परत दिले आणि आरसा झाकून ठेवला. एकच नवी सूचना लिहिली: काठीचे टोक जमिनीवर राहील. सामना चालू असताना काठी पत्नीच्या ताब्यात, अशी घरात व्यवस्था झाली. दोन आठवड्यांत कळ गेली.

त्या शनिवारी डेव्हिसने एकूण तीन फटके मारले, चार धावा आणल्या आणि ओरिओल्स जिंकले. पुढच्या शनिवारी तिघांनीही आपापली बाजू सिद्ध झाल्याचे सांगितले: तरुणाच्या मते क्षेत्ररक्षकांमधून वाट सापडली, बाईंच्या मते तो एकदाचा वेळेवर बॅट फिरवू लागला, आजोबांच्या मते खांदा दबून राहिला. तोच संथ फटका मी घरी तीन-चारदा पाहिला आणि मला आधीच्या फटक्यांहून वेगळे काही दिसले नाही. हंगाम संपला तेव्हा त्याची सरासरी .179 होती, संघाने 108 सामने गमावले होते, आणि 2021 च्या ऑगस्टमध्ये डेव्हिसने निवृत्ती जाहीर केली.

आजोबांची शेवटची भेट जूनमध्ये झाली. डॉक्टरांनी बंधने उठवली होती. त्यांनी आधी उजव्या हाताने, मग माझ्या देखरेखीखाली, सावकाश, डाव्या हाताने काठी फिरवून दाखवली आणि कागदावर आपले साध्य म्हणून डेव्हिसचा स्विंग असे लिहा, असा आग्रह धरला. विमा कंपनी तेवढ्यासाठी पैसे देत नाही, असे मी सांगितले आणि ‘उभ्याने धड दोन्ही बाजूंना फिरवणे, वेदनेशिवाय’ असे लिहिले. त्यांनी चष्मा लावून ते वाचले, ‘फिरवणे’ या शब्दाखाली स्वतःच्या पेनाने एक रेघ ओढली आणि सही केली.